साठविलेल्या तांबड्या पेशींतील पोटॅशियम व त्याचे निवारण

बुलढाणा जिल्ह्याचे ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असे दोन भाग लोकव्यवहारात मानले जातात. पैनगंगेच्या काठी वसलेले देऊळघाट हे गाव घाटावरच्या भागात, बुलढाणा तालुक्यात मोडते. तेथील एखाद्या स्त्रीस प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव झाला, अथवा एखाद्या नवजात अर्भकास तीव्र कावीळ होऊन त्याचे रक्त बदलण्याची वेळ आली, तर लागणारे रक्त बुलढाण्याहून मिळवावे लागते. आणि गरज विशेष प्रकारच्या रक्ताची असेल, तर अकोला वा छत्रपती संभाजीनगर यांसारख्या मोठ्या शहराकडे पाहावे लागते. हे रक्त दात्याच्या शरीरातून निघाल्यापासून रुग्णाच्या शिरेत जाईपर्यंत काही दिवस, कित्येकदा काही आठवडे, शीतकपाटात राहिलेले असते. या अवधीत त्यात अनेक बदल घडतात. त्यांपैकी पेशींबाहेरील द्रवात होणारी पोटॅशियमची वाढ हा एक महत्त्वाचा बदल होय. ही वाढ का होते, ती कोणास व केव्हा घातक ठरते, आणि रक्त देण्यापूर्वी ती कमी करण्याचे कोणते मार्ग आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

बदलाचे मूळ

तांबड्या पेशीच्या आत दर लिटरमागे सुमारे १०० मिलिमोल पोटॅशियम असते. तिच्याभोवतीच्या रक्तद्रवात हेच प्रमाण अवघे ३.५ ते ५ मिलिमोल असते. सोडियमची स्थिती याच्या नेमकी उलट असते. रक्तद्रवात ते सुमारे १४० मिलिमोल, तर पेशीत त्याच्या दशांशाच्या आसपास आढळते. पेशीचे पटल या दोन्ही आयनांना सर्वस्वी अभेद्य असते तर ही विषमता आपोआप टिकली असती. परंतु पटलातून दोन्ही आयन अल्प प्रमाणात सतत झिरपत असतात, आणि झिरपलेले आयन परत आपल्या जागी नेण्याचे काम पटलातील एक एंझाइम अविरत करीत असते. एटीपीच्या एका रेणूची ऊर्जा खर्च करून हे एंझाइम सोडियमचे तीन आयन बाहेर टाकते व पोटॅशियमचे दोन आयन आत घेते. डेन्मार्कमधील येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंवरील प्रयोगांतून त्याचा शोध लावला. या कार्याबद्दल १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा त्यांना मिळाला.

रक्तपेढीत तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सियस तापमानात ठेवतात. जीवाणूंची वाढ रोखणे आणि पेशींचा चयापचय मंदावून त्यांचे आयुष्य वाढविणे, हा त्यामागील हेतू असतो. परंतु थंडीने एंझाइमाचे कार्य जवळजवळ थांबते; झिरपण्याची क्रिया मात्र मंद झाली तरी चालूच राहते. विहिरीची मोट बंद पडावी आणि पाझर चालू राहावा, तशीच ही अवस्था होय. परिणामी पोटॅशियम पेशीतून बाहेर येते व सोडियम आत जाते. पुढे पुढे पेशीतील एटीपीचा साठाही घटत जातो.

ही वस्तुस्थिती रक्तपेढ्यांच्या आरंभकाळापासूनच ज्ञात आहे. न्यूयॉर्क येथे जॉन स्कडर, चार्ल्स ड्रू व त्यांचे सहकारी यांनी १९३९ मध्ये साठविलेल्या रक्ताचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात पोटॅशियमच्या वाढीस प्रमुख स्थान होते. १९४१ मध्ये हॅरिस यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. थंडीत पोटॅशियम गमावलेल्या पेशी ३७ अंश तापमानात ग्लुकोजच्या सान्निध्यात ठेवल्या असता त्या गमावलेले पोटॅशियम पुन्हा आत घेऊ लागतात. म्हणजेच पोटॅशियमची गळती हे पेशीच्या मृत्यूचे लक्षण नव्हे. ती थंडीमुळे आलेली, आणि बऱ्याच अंशी परतविता येण्याजोगी अवस्था आहे.

येथे गळती आणि पेशीनाश यांतील भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. पेशी फुटली तर तिच्यातील सर्व पोटॅशियम हिमोग्लोबिनसह बाहेर पडते व ते परत जाण्यास पेशीच उरत नाही. पिशवी बर्फाला चिकटून गोठणे, ती अतिउष्ण पाण्यात बुडविणे, बारीक सुईतून दाब देऊन रक्त ढकलणे, या गोष्टींनी पेशीनाश होतो. गळती टाळणे रक्तपेढीच्या हाती नसते. हाताळणीतून होणारा पेशीनाश टाळणे मात्र सर्वस्वी तिच्या आणि रक्त वाहून नेणाऱ्यांच्या हाती असते.

रक्त साठविण्याच्या द्रावणांत गेल्या शतकात मोठी सुधारणा झाली. लूटिट व मॉलिसन यांनी १९४३ मध्ये आम्लधर्मी सायट्रेट-डेक्स्ट्रोज द्रावण प्रचारात आणल्यानंतर रक्त तीन आठवडे टिकू लागले. पुढे फॉस्फेट व ॲडेनीन यांच्या योजनेने ही मर्यादा ३५ दिवसांवर गेली. आणि सलाइन, ॲडेनीन, ग्लुकोज व मॅनिटॉल यांच्या मिश्रणात ठेवलेल्या तांबड्या पेशी आज ४२ दिवसांपर्यंत वापरता येतात. या द्रावणांनी पेशींचे आयुष्य वाढविले, परंतु थंड पडलेल्या एंझाइमास चालना दिली नाही. म्हणून साठवणीची मुदत जसजशी लांबली, तसतशी मुदतीअखेरची पोटॅशियमची पातळीही चढत गेली. स्थूलमानाने पेशींबाहेरील द्रवात दर दिवशी लिटरमागे एक मिलिमोल या गतीने वाढ होते, आणि ४२ व्या दिवसाच्या सुमारास हे प्रमाण ५० मिलिमोलच्या आसपास पोचते.

धोक्याचे गणित

रक्तद्रवातील ५ मिलिमोलच्या तुलनेत ५० हा आकडा भयावह वाटतो. तथापि केवळ या आकड्यावरून निष्कर्ष काढणे सयुक्तिक नाही. लिटरमागील प्रमाण आणि पिशवीतील एकूण राशी या दोन भिन्न गोष्टी आहेत. तांबड्या पेशींच्या पिशवीत पेशींबाहेरील द्रव सुमारे १३० मिलिलिटर असतो. लिटरमागे ५० मिलिमोल धरल्यास त्यातील एकूण पोटॅशियम ६.५ मिलिमोल भरते. प्रौढ व्यक्तीच्या शरीरातील पेशीबाह्य द्रव सुमारे १४ लिटर असून त्यात ५६ मिलिमोल पोटॅशियम असते. दोन-तीन तासांत सावकाश दिलेल्या पिशवीतील ६.५ मिलिमोल शरीराच्या इतर पेशी शोषून घेतात, मूत्रपिंडे काही भाग बाहेर टाकतात, आणि दिलेल्या तांबड्या पेशीही शरीराच्या उष्णतेने सचेत होऊन काही दिवसांत आपली तूट भरून काढतात. म्हणून सामान्य प्रौढ रुग्णास एक-दोन पिशव्या देताना पोटॅशियमची चिंता करण्याचे कारण नसते.

नवजात अर्भकाच्या बाबतीत गणित बदलते. अर्भकाचे वजन ३ किलोग्रॅम आहे आणि त्यास किलोमागे २० मिलिलिटर, म्हणजे एकूण ६० मिलिलिटर तांबड्या पेशी मुदतीअखेरच्या पिशवीतून द्यावयाच्या आहेत, असे समजू. त्यांतील सुमारे २५ मिलिलिटर द्रवातून १.२५ मिलिमोल पोटॅशियम जाईल. हेच रक्त तीन-चार तासांत दिले तर पोटॅशियम सर्व शरीरद्रवात व पेशींत वाटले जाते. परंतु अर्भकाचा रक्तद्रव अवघा १३५ मिलिलिटरच्या आसपास असतो व त्यात ०.५४ मिलिमोल पोटॅशियम असते. ही मात्रा काही मिनिटांत, मोठ्या शिरेतून थेट हृदयाजवळ पोचली आणि वाटणीस अवधीच मिळाला नाही असे क्षणभर मानले, तर रक्तद्रवातील प्रमाण लिटरमागे ११ मिलिमोलपर्यंत चढेल. प्रत्यक्षात थोडी वाटणी त्याच क्षणी सुरू होत असल्याने हा आकडा वरच्या मर्यादेचा समजावा. तरीही पिशवी तीच, मात्रा तीच. केवळ गती बदलल्याने निरुपद्रवी गोष्ट प्राणघातक कशी ठरते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

पोटॅशियम वाढल्याचा परिणाम प्रथम हृदयावर दिसतो. विद्युत् हृल्लेखात ‘टी’ तरंग उंच व टोकदार होतो, पुढे ‘क्यूआरएस’ संमिश्र रुंदावतो आणि अखेरीस हृदयाचे स्पंदन थांबू शकते. रक्तातील सायट्रेटमुळे कॅल्शियम बद्ध होणे, रक्ताची आम्लता वाढणे आणि शरीर थंड पडणे या तीन गोष्टी हा परिणाम अधिक तीव्र करतात. आणि मोठ्या रक्तस्रावात त्या बहुधा एकत्रच उपस्थित असतात.

यावरून धोक्याचे रुग्ण कोणते, हे ठरविता येते. नवजात अर्भकाचे रक्त बदलणे अथवा त्यास वेगाने मोठ्या प्रमाणात रक्त देणे. लहान बालकाच्या हृदयशस्त्रक्रियेत हृदय-फुप्फुस यंत्र रक्ताने भरणे. प्रौढास थोड्या वेळात अनेक पिशव्या देणे. आणि मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णास रक्त देणे, हे ते प्रमुख प्रसंग होत. यांपैकी शेवटचा प्रसंग बुलढाणा जिल्ह्याच्या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात जळगाव जामोद, संग्रामपूर व शेगाव या तालुक्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यातील मूत्रपिंडविकारांचा प्रश्न दीर्घकाळ चर्चेत आहे. अशा रुग्णास रक्तक्षय असतो, म्हणून रक्ताची गरज पडते; आणि त्याची मूत्रपिंडे पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाहीत, म्हणून तेच रक्त देताना सावध राहावे लागते.

निवारणाचे मार्ग

पहिला व सर्वांत सोपा मार्ग ताज्या रक्ताच्या निवडीचा होय. पाच ते सात दिवसांच्या आतील पिशवीत पोटॅशियमचा संचय अल्प असतो. म्हणून अर्भकाचे रक्त बदलताना अशीच पिशवी वापरण्याचा प्रघात आहे. परंतु प्रत्येक रुग्णास ताजेच रक्त द्यावे, असा याचा अर्थ नव्हे. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांवर कॅनडात झालेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सात दिवसांच्या आतील रक्त व नेहमीच्या पद्धतीने निवडलेले रक्त यांच्या परिणामांत भेद आढळला नाही. रुग्णालयात दाखल झालेल्या प्रौढांवरील २०१६ मधील मोठ्या चाचणीचा निष्कर्षही तसाच होता. या अभ्यासांचा रोख नेहमीच्या रक्तदानावर होता. वेगाने मोठी मात्रा द्यावी लागणारे प्रसंग त्यांत मोडत नाहीत. तेव्हा ताज्या पिशव्या ज्यांना खरोखर अवश्य आहेत त्यांच्यासाठी राखून ठेवणे, हाच योग्य विवेक होय.

दुसरा मार्ग वरचा द्रव काढून टाकण्याचा. पिशवी केंद्रोत्सारक यंत्रात फिरविली असता पेशी तळाशी बसतात व वर निवळ राहते. बाहेर आलेले सर्व पोटॅशियम या निवळीत असल्याने ती जोडलेल्या दुसऱ्या पिशवीत वळती केली, की बराचसा भार नाहीसा होतो. पिशवी शीतकपाटात काही तास निश्चल ठेवूनही पेशी खाली बसतात. या कामास वेळ अधिक लागतो व निवळ कमी सुटते. परंतु तत्त्व तेच आहे.

तिसरा मार्ग पेशी धुण्याचा. तांबड्या पेशींत निर्जंतुक लवणजल मिसळून ते केंद्रोत्सारणाने काढून टाकणे, आणि ही क्रिया पुन्हा पुन्हा करणे, असे त्याचे स्वरूप आहे. निवारणाचा हा सर्वांत परिणामकारक मार्ग असला तरी त्याची किंमत चुकवावी लागते. धुण्यात काही तांबड्या पेशी वाया जातात व तासाभराचा अवधी मोडतो. रक्षक द्रावणही धुऊन गेल्याने उरलेल्या पेशी अधिक दुबळ्या होतात. त्या परत शीतकपाटात ठेवल्या तर गळती नव्याने सुरू होते. लवणजलात धुतलेली पिशवी चोवीस तासांच्या आत वापरावी लागते, आणि अर्भकासाठी ती शक्य तितक्या लवकर देणे इष्ट असते.

चौथा मार्ग आयन-विनिमयाचा. सोडियम पॉलिस्टायरीन सल्फोनेट ही राळ पोटॅशियम पकडून त्याच्या बदली सोडियम सोडते. १९५८ पासून ती रक्तातील वाढलेले पोटॅशियम उतरविण्यासाठी पोटातून देण्याचे औषध म्हणून प्रचारात आहे. याच तत्त्वावर जपानमध्ये एक गाळणी तयार करण्यात आली. पिशवी व रुग्ण यांच्यामध्ये ती जोडली असता द्रवातील बहुतांश पोटॅशियम रुग्णापर्यंत पोचण्यापूर्वीच अडविले जाते. यात केंद्रोत्सारक यंत्राची गरज नसते आणि पेशीही फारशा वाया जात नाहीत. परंतु गाळणीतून रक्त सावकाश वाहते आणि राळेची धारणशक्ती मर्यादित असते. त्यामुळे अतिवेगाने रक्त द्यावयाच्या प्रसंगी तिचा उपयोग संकुचित राहतो.

पाचवा मार्ग पेशींना त्यांचे सामर्थ्य परत देण्याचा होय. फॉस्फेट, पायरुव्हेट, इनोसीन व ॲडेनीन असलेल्या द्रावणात पेशी ३७ अंश तापमानात सुमारे तासभर ठेवल्या असता एटीपीचा साठा भरून येतो व एंझाइम पुन्हा काम करू लागते. हॅरिस यांच्या निरीक्षणाचाच हा विस्तार म्हणता येईल. मात्र द्रावणातील पदार्थ काढून टाकण्यासाठी पेशी नंतर धुवाव्याच लागतात.

प्रारणाचा प्रश्न याच संदर्भात उपस्थित होतो. ज्यांची रोगप्रतिकारशक्ती अत्यंत क्षीण आहे अशा रुग्णांत दात्याच्या श्वेतपेशी रुजून रुग्णाच्याच ऊतकांवर आघात करू नयेत, यासाठी पिशवीवर २५ ग्रे इतक्या मात्रेचे प्रारण सोडतात. श्वेतपेशी त्याने निष्प्रभ होतात, परंतु तांबड्या पेशींच्या पटलासही इजा पोचते व पोटॅशियमची गळती लक्षणीय वाढते. म्हणून प्रारणानंतर पिशवी साठवून न ठेवता अर्भकांसाठी ती चोवीस तासांत वापरावी, असा दंडक आहे. धुणे व प्रारण ही दोन्ही कामे करावयाची असल्यास प्रारण आधी व धुणे नंतर हा क्रम हितकर ठरतो. कारण प्रारणाने वाढलेली गळती मग त्याच धुण्यात निघून जाते.

जिल्ह्याच्या ठिकाणी करावयाची निवड

वरील प्रत्येक मार्गास अंतर व काळ यांची मर्यादा आहे. प्रारणाची सोय मोठ्या शहरांतील मोजक्या केंद्रांतच असते. दूरच्या शहरात प्रारण करून वा धुऊन पाठविलेली पिशवी वाटेत आणि पुढे रुग्णालयाच्या शीतकपाटात रेंगाळली, तर ज्या कारणासाठी खटाटोप केला तेच कारण पुन्हा उत्पन्न होते. म्हणून अशा पिशवीवर रक्तसंकलनाच्या तारखेइतकीच प्रारणाची वा धुण्याची वेळही महत्त्वाची असते. आणि रुग्ण सिद्ध झाल्याखेरीज ती मागविणे श्रेयस्कर नसते.

यंत्रसामग्री नसतानाही करता येण्याजोग्या गोष्टी थोड्या नाहीत. सर्वांत जुनी पिशवी आधी वापरावी हा रक्तपेढीचा नियम रक्त वाया जाऊ नये म्हणून योग्यच आहे. त्यास अर्भकांचा व मूत्रपिंडरुग्णांचा अपवाद आधीच लिहून ठेवता येतो. एका ताज्या रक्तदानाचे जोडपिशव्यांत तीन-चार लहान भाग केले, तर एकाच दात्याचे रक्त एका अर्भकास अनेक वेळा पुरते. मूत्रपिंडरुग्णास रक्त डायलिसिस चालू असतानाच दिले, तर पिशवीतून आलेले पोटॅशियम तत्क्षणीच यंत्राद्वारे निघून जाते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात जिल्हा रुग्णालये केंद्रस्थानी असल्याने हा उपाय जिल्ह्याच्या आवाक्यातील आहे. वैशाखातील उन्हात रक्ताची पेटी नेताना बर्फ व पिशवी यांच्यामध्ये आडपडदा ठेवणे, हाही याच विचाराचा भाग होय. कारण उष्णतेइतकेच गोठणेही पेशीनाशास कारण होते.

कधी निवडीस वावच नसतो. मुंबईत डॉ. य. मो. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ज्या विरळ रक्तगटाची नोंद केली, तो ‘बाँबे’ रक्तगट भारतात सुमारे दहा हजारांत एका व्यक्तीत आढळतो. अशा व्यक्तीस त्याच गटाचे रक्त लागते. मिळालेली एकमेव पिशवी महिनाभराची असली तरी ती नाकारता येत नाही. रुग्ण अर्भक असेल वा त्याची मूत्रपिंडे निकामी असतील, तर पिशवी बदलण्याऐवजी तिच्यातील पोटॅशियम कमी करणे हाच मार्ग उरतो.

याच्या अगदी उलट प्रसंग प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाचा. येथे काळ हाच रुग्णाचा शत्रू असतो. पेशी धुण्यासाठी तास घालविणे म्हणजे टाळता येण्याजोगा मृत्यू ओढवून घेणे होय. अशा वेळी हाती असलेली पिशवी, ती जुनी असली तरी, देणेच योग्य ठरते. रक्त मान्य उपकरणातून कोमट करून देणे, रुग्णाचे शरीर उबदार राखणे, कॅल्शियमची तूट भरणे आणि हृल्लेखावर लक्ष ठेवणे या उपायांनी पोटॅशियमचा धोका बराच आटोक्यात राहतो. रक्ताअभावी होणाऱ्या मृत्यूची भीती पोटॅशियमच्या भीतीहून कितीतरी मोठी आहे.

सारांश, साठविलेल्या पिशवीतील पोटॅशियम हे रक्त नासल्याचे चिन्ह नसून त्याने थंडीत काढलेल्या दिवसांची नोंद आहे. त्याचा धोका पिशवीचे वय, रक्त देण्याची गती आणि रुग्णाची ते पचविण्याची शक्ती या तिहींच्या संयोगातून ठरतो. निवारणाचे सर्व उपाय तात्पुरते आहेत. त्यांचा लाभ घड्याळाशी बांधलेला असतो. देऊळघाटसारख्या गावातील रुग्णाच्या दृष्टीने प्रगत यंत्र किती दूर आहे हा प्रश्न महत्त्वाचा खराच. परंतु कोणत्या रुग्णासाठी कोणती पिशवी, कोणत्या क्रमाने आणि किती गतीने, हा निर्णय जिल्ह्याच्या रक्तपेढीत व रुग्णशय्येपाशी घ्यावयाचा असतो. तो घेणाऱ्यास वरील गणित अवगत असेल, तर उपलब्ध साधनांतही पुष्कळ अनर्थ टाळता येतात.